निळ्या सायकलची हवा

"आली परत! हिच्या हातचं पंक्चर टिकतच नाही," बाबा आत्याच्या कानात पुटपुटले. आमचं सायकलचं दुकान एवढंसं. पुटपुटलेलं मलाही ऐकू आलं.

दारात निळी सायकल होती आणि तिला धरून समोरच्या चष्म्याच्या दुकानातला तो. मागच्या महिन्यात मी हिच्या पुढच्या चाकाचं पंक्चर काढलं, तेव्हापासून ते चाक दर दोन दिवसांनी मऊ!

"दुखणं जुनं दिसतंय," मी म्हटलं.

"हो… बरं व्हायची घाई नाही म्हणा," तो म्हणाला. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा माणूस — आणि माझ्याकडे बघताना कान लाल!

आत्याला खोकल्याआड हसू आलं. बाबांना नाही. "आता ही सायकल परत आली, तर तू गल्ल्यावर बसायचं. चाकांना हात लावायचा नाही."

गल्ल्यावर? मी? हात काळे झाल्याशिवाय मला घास गोड लागत नाही!

ट्यूब पाण्यात बुडवली. एक बुडबुडा नाही. व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावला, तोही गप्प. मग हवा भरली, चाक संध्याकाळपर्यंत निवू दिलं आणि हवेचा दाब मोजायचा गेज व्हॉल्व्हवर सरळ दाबला. तिरका धरला की फुस्स होतं, आकडा खोटा पडतो. काटा साठवर.

"सायकल आज इथेच राहील," तो न्यायला आला तेव्हा मी म्हटलं.

"आणि मी?"

"तुम्ही चालत जा."

सकाळी, ऊन यायच्या आत, सगळ्यांसमोर तोच गेज तसाच लावला. बाबा चष्मा पुसून वाकले. काटा — साठवर!

"चाक ठणठणीत आहे," मी म्हटलं. आवाज चढला, चढू दे. "माझं पंक्चर टिकतं, बाबा. मग यांच्याकडे गेल्यावर हवा जाते कुठे?"

बाबांनी काट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग एकदम छताकडे. आत्या खोकायचीही विसरली.

"बोला की! तुमच्यापायी माझ्या हातातला पाना जाणार होता."

"मीच सोडतो… कोपऱ्यावर थांबून," तो म्हणाला. "तुम्हाला चष्मा लागत नाही. तुम्ही माझ्या दुकानात कशाला याल? मग मलाच यावं लागतं…"

"पण कशासाठी?"

या वेळी त्याने नजर हलवली नाही.

"तुम्ही आवडता म्हणून," तो म्हणाला — बाबांना, आत्याला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं.