उलटा टांगलेला सहा

बसा, दिवा जरा पुढे ओढतो. म्हातारा भ्रमिष्ट झालाय असं वाटलं तर वाटू दे.

आमच्या आल्टेनरोडच्या चर्चची देखभाल मी एकेचाळीस वर्षं करतोय. दर शनिवारी शिडीवर चढून रविवारच्या गीतांचे पुस्तकातले आकडे फळ्यावर टांगायचे, हे काम मात्र माझ्या बायकोचं, आडेलहाइडचं. आकड्यांच्या पाट्या लाकडी. सहा आणि नऊला पाटी एकच; सुलटी टांगली तर सहा, उलटी तर नऊ.

शेवटच्या आजारात ती म्हणाली, "मला निरोप देताना तीनशे शहाऐंशी लाव. माझ्या आईच्या वेळीही तेच गायलं होतं. आणि चष्मा लावून चढ रे, धांदरटा."

चष्मा लावला होता हो. डोळेच भरून आले, त्याला काय करणार? टांगलं गेलं तीनशे एकोणनव्वद. बारशाचं गीत! 'ये बाळा, तुझीच वाट पाहत होतो...' समोर शवपेटी, आणि अख्खं गाव चारही कडवी गायलं. नंतर मी ऑर्गनवाल्या रुप्रेख्टला धरलं.

"तुला तरी कळत नव्हतं?"

"कळत होतं. पण फळ्यावर होतं ना!"

पुढच्याच शनिवारपासून सुरू झालं. मी आकडे टांगून वळलो की मागे खट्... सहाचा नऊ झालेला. दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मेणाच्या आणि ओल्या दगडाच्या वासात तिच्या कापराच्या मलमाचा वास. मला वाटलं, बिचारीचा निरोप चुकला म्हणून ती अडकलीय.

नोव्हेंबरात मृतांचा रविवार असतो, वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. पाद्रीबाबांच्या हातापाया पडून त्या दिवसासाठी तीनशे शहाऐंशी मागून घेतलं. आदल्या दिवशी चारलाच अंधारलं. वेशीच्या मनोऱ्यावर टोले पडले. मी सहा सुलटा लावला. खट्... नऊ. पुन्हा सुलटा केला. पुन्हा खट्...

"आडेलहाइड... राहू दे ना गं... उद्या नीट जाशील..."

पाटी घट्ट धरून मी तासभर शिडीवर उभा राहिलो. शेवटी पलीकडची ओढ सुटली.

दुसऱ्या दिवशी गाव तिचं गीत गायलं, आणि सगळं थांबलं. आवाज नाही, वास नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला जायचंच नव्हतं हो! मीच तिला माझ्या हातांनी हाकललं. ती गेली तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो.

त्याला आता दोन वर्षं झाली. आज दुपारी पाद्रीबाबांनी दिलेली तीन गीतं टांगली आणि शिडी उतरलो. मागे खट्... तिन्हींच्या खाली चौथं. तीनशे एकोणनव्वद.

गावात यंदा एकही बाळ जन्मलेलं नाही. चष्मा पुसून मी पुन्हा वाचलं. नऊला हात लावला, तर पाटी कोमट होती.

मी ती तशीच ठेवलीय. उद्या गाव तिला 'ये' म्हणून गाईलच, फळ्यावर आहे ना.