भट्टीवरची दोरी

तळ्याकाठच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, तापलेल्या दगडांच्या भट्टीवर बांधलेल्या दोरीला चार लहान मोजे, दोन टॉवेल आणि एक लोकरी टोपी टांगलेली होती. एका मोज्याचा अंगठा करपून तपकिरी झाला होता...

हिल्काने सगळं भराभर ओढून काढलं. कुणी टांगलं, हे विचारायची गरजच नव्हती. पावसाने उघडीप दिली नव्हती, भावजयीची, रौनीची, नातवंडं भिजून आली होती, आणि ओल्या कपड्यांचा कंटाळा तिला पहिल्यापासूनच!

इतक्यात दार उघडलं. काठी टेकत आलेले बाबा उंबऱ्यातच थिजले. त्यांची नजर हिल्काच्या हातातल्या मोज्यांवर खिळली.

"पुन्हा? एक सॉना जाळलास, तो पुरला नाही?"

हिल्काने मोजे टॉवेलात गुंडाळले. तीस वर्षं ती गप्पच होती. बाबांनी स्वतः ओंडके तासून उभारलेला जुना सॉना, ज्यात ती आणि तिचा भाऊ जन्मले, ज्यात आईला अखेरची आंघोळ घातली, तो असेच कपडे वाळत टाकल्यामुळे एका उन्हाळ्यात राख झाला होता. कपडे रौनीचे होते. नवी नवरी, पोटात मूल, भीतीने पांढरीफटक पडलेली... आणि हिल्का पुढे होऊन म्हणाली होती, "माझी चूक!" लेकीवर बाप किती दिवस रागावेल, असं तिला वाटलं होतं... पण नवा सॉना उभा राहिला, तरी बाबांनी तिला पुन्हा कधी भट्टी पेटवू दिली नाही. काठावरचे शेजारी दर उन्हाळ्यात तिला पाहून ओरडत, "हिल्का आली रे, काडेपेट्या लपवा!" तीही हसे. आता हसायचंही त्राण उरलं नव्हतं. बाबा नव्वदीला टेकले होते. हा राग ते सोबतच घेऊन जाणार, एवढंच तिच्या काळजात सलत होतं.

"चुकलं, बाबा," ती सवयीने म्हणाली.

"नाही!" मागे रौनी उभी होती, कवेत बर्चची लाकडं. "मोजे मी टांगलेत. आणि तेव्हाचे टॉवेलही... माझेच होते!"

"रौनी, गप्प बस."

"किती गप्प बसू गं? तू माझा दोष अंगावर घेतलास, आणि त्या काडेपेट्यांवर मी सगळ्यांत मोठ्याने हसत आले!"

बाबा काठी टेकत बाकावर बसले.

"खरं म्हणते ही?"

हिल्काने होकारार्थी मान हलवली. "तिला तुम्ही इथे पाऊल ठेवू दिलं नसतं."

"नसतंच दिलं..." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "आणि तुला ठेवू दिलं, तर काय सुख दिलं मी? वेडी पोर... बापाला एकदा तरी सांगायचंस!"

रौनी हुंदके देत होती. हिल्काला मात्र रडूही येईना, नुसतं टेकावंसं वाटत होतं. ती बाबांशेजारी बसली. त्यांनी आपला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला... बराच वेळ तसाच राहू दिला.

"बसलीस काय?" शेवटी ते नाक ओढत कुरकुरले. "विस्तव विझत चाललाय. भट्टी बघ. आज वाफेसाठी दगडांवर पहिलं पाणी तूच टाकायचं."

तिने रौनीच्या कवेतली लाकडं घेतली, वाकून एकेक आत सारली आणि भट्टीचं दार लावलं.

संध्याकाळी भिंतीवरच्या तापमापकाचा पारा ब्याऐंशी अंशांवर, बाबांना हवा तिथेच, स्थिरावला.