उलट्या खुंट्या

शनिवारी दुपारी कल्पिता बास गिटार पाठीला लावून मोहन्याला एका हळदीला निघाली तीच वैतागलेली. वैताग होता गिटारच्या चार खुंट्यांचा. एरवी खुंटी बाहेर फिरवली की तार ताणते, आत फिरवली की सैल पडते. ही बास जुन्या घडणीची, हिचं सगळंच उफराटं. तार चढवायला जावं तर उतरते, उतरवायला जावं तर चढते. ज्याने ही बनवली त्याला काय धाड भरली होती कोण जाणे!

बास आधी गुरुदत्तची. गोविंदाकाकांच्या हळदीच्या गाण्यांच्या पार्टीत तो गालात तंबाखू धरून वीस वर्षं वाजवत होता, मागच्या थंडीत बसल्या जागी गेला. मग बास कल्पिताकडे आली. तेव्हापासून तार लावून ठेवावी, तर तासाभरात अर्धा सूर वर. खाली नाही हो, वर! वापरून तार सैल पडते हे ठीक, पण आपोआप घट्ट होणारी तार कुणी पाहिलीय? काकांनी काल तोंडावर सांगितलेलं, उद्या सूर हलला तर यापुढे बास कीबोर्डवरच वाजवू, तू घरी बस. वर्षभर घासून मिळवलेली जागा होती ती. कल्पिताला रात्रभर झोप नव्हती.

तीन वाजता ती हॉलमागच्या खोलीत तारा लावायला बसली. बाहेर मांडवात खुर्च्या लावल्याचा आवाज, आत जुन्या पडद्यांचा कुबट वास. हळूहळू त्या वासात दुसरा एक वास मिसळला. मळलेल्या तंबाखूचा, चुन्याचा.

किर्र...

जाड तारेची खुंटी तिच्या डोळ्यांसमोर आत फिरली. बोटभर. तिने ती परत जागेवर आणली. ती पुन्हा फिरली... आता जास्त.

तिने काकांना बोलावून आणलं आणि खुंटी दाखवली. काकांनी आधी दार लोटून घेतलं. मग त्यांनी पार्टीची रीत सांगितली. वादक गेला की त्याला उचलायच्या आधी त्याच्या वाद्याच्या तारा सैल करायच्या, म्हणजे त्याचे हात मोकळे होतात. वाद्य चादरीत गुंडाळायचं, खुंट्या तेवढ्या बाहेर, आणि फिरवणाऱ्याने डोळे मिटायचे. गुरुदत्तच्या वेळी त्या काकांनीच फिरवल्या होत्या.

"कुठल्या बाजूला फिरवल्या काका?"

"आत... सैल करतात तशा."

या उफराट्या बासवर आत फिरवणं म्हणजे तार घट्ट करणं. ज्याला मोकळं करायचं, त्यालाच ताणून ठेवलं होतं.

काका म्हणाले, बास इथेच ठेव, हात लावू नकोस. कल्पिताचं डोकं सणकलं. चूक यांची, आणि जागा जाणार तिची? ती बास मांडीवर घेऊन गुरुदत्तशीच बोलायला लागली.

"दादा, तुमची चूक नाही, माझीही नाही. आता सोडा."

तिने खुंटी बाहेरच्या बाजूला फिरवली, ती हलेना. पलीकडून कुणीतरी धरून होतं. अंगठ्याची साल निघाली तरी तिने सोडली नाही. एक तार लोंबली, मग दुसरी, तिसरी. चौथ्या खुंटीशी बराच वेळ गेला. ती सुटली तसा तंबाखूचा वास विरून गेला. कल्पिताला रडू आलं, पण वेळ नव्हता. तिने तारा पुन्हा लावल्या.

चार ते सात हळद रंगली. सूर केसभर हलला नाही. कुणाला कधी बरं न म्हणणाऱ्या काकांनी स्वतः तिचं ताट वाढून आणलं आणि सोमवारची हळदही तूच वाजवायचीस म्हणाले.

नवाच्या सुमाराला ती वर्तकनगरला पोहोचली. एकटीचं घर. कुलपाला किल्ली लावून तिने रोजच्यासारखी उजवीकडे फिरवली. अर्धी फिरली आणि अडली. तिने जोर लावला. तेवढाच जोर आतून लागला, जणू तिनेच मोकळे केलेले हात तिकडून किल्ली धरून होते, आणि दाराच्या फटीतून तंबाखूचा वास आला.

डावीकडे फिरवली तर दार उघडणार, हे तिला पक्कं कळलं; पण एकदा त्याच्या उफराट्या बाजूला वळला की हात तिचा राहणार नाही, हेही कळलं. तिचं मनगट तर आपणहून तिकडे वळायला लागलं होतं.

तिने दुसऱ्या हाताने ते मनगट गच्च धरलं, चौकटीला पाय रोवला आणि किल्ली उजवीकडेच दाबून धरली.

"वीस वर्षं वाजवलीत ना दादा?" ती हळूच म्हणाली. "आता माझी पाळी. बघू, कोण दमतंय..."