हौसा चोवीसपट

ट्रकच्या दारावर ही काळी सुतळी कुणी चिकटवली?

ऋजुता तोंडाचा आ करून बघत राहिली. खंडेनवमीची सकाळ होती. कऱ्हाडच्या गावकारखान्याच्या (गावातल्या कुणालाही वापरता येतील अशा यंत्रांच्या शेडच्या) अंगणात तिचा नवाकोरा, पिवळाधमक ट्रक उभा होता, आणि त्याच्या दारावरून हातभर लांबीची एक सुतळी वेडीवाकडी गेली होती. तिने ती नखाने खरवडून पाहिली. सुतळी रंगाच्या थराखाली पक्की रुतलेली, हलेना.

"ठोंब्या, हे काय आहे रे?"

"ताई, तो तुमचा केस आहे," यंत्रमानव म्हणाला.

"माझा केस असा? एवढा जाड?"

"रंग देताना तो दारावर पडला होता. तुम्ही काढला नाहीत. मी चोवीसपट केला."

ऋजुताने झटकन आपल्या वेणीला हात लावला. मग तिची नजर वर गेली, आणि तिला दुसरा धक्का बसला. केबिनच्या कपाळावर कुणी इवलंसं शेत नांगरून ठेवावं तशा बोटाएवढ्या रुंद सऱ्या गोल गोल फिरल्या होत्या. तो तिच्या अंगठ्याचा ठसा होता. चिकटवायचा द्रव बोटाला लागला होता आणि तिने त्याच बोटाने केबिन दाबून धरली होती. हातात मावणाऱ्या मॉडेलवर तो ठसा भिंगाशिवाय दिसतही नव्हता.

आता हे मॉडेल कसलं, ते आधी सांगायला हवं. बारा वर्षांच्या ऋजुताला ट्रक आणि मोटारी जोडायचं वेड होतं. खऱ्या नव्हेत, किटमधल्या. प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक भाग कापायचा, कडा घासायच्या, चिकटवायचं, रंगवायचं, आणि वर थोडा खोटा गंज आणि खोटा चिखलही लावायचा. तिच्या काळात रस्त्यांवरून जे ट्रक धावत, त्या नुसत्या बिनखिडकीच्या पेट्या होत्या. त्यांना ना केबिन, ना चालक. त्यामुळे जुन्या ट्रकची हौस भागवायची तर किटशिवाय गत्यंतर नव्हतं.

आणि तिच्या घरात जुन्या ट्रकची हौस पिढीजात होती. तिचे आजोबा डॉ. दिनकर शेवाळे, म्हणजे सगळ्यांचे आबा, धातूंचे मोठे शास्त्रज्ञ. पण आबांचे वडील ट्रकचालक होते. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला माल न्यायचे. त्यांच्या ट्रकला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं, हौसा. आबा सात वर्षांचे असताना ती विकली गेली. "एकदा, फक्त एकदा त्या केबिनमध्ये बसायला मिळालं असतं," असं आबा अजूनही जेवताना मध्येच म्हणत आणि भाकरीचा तुकडा हातातच राही. आता ते सत्तरीपार गेले होते. ऋजुताने मनाशी ठरवून टाकलं होतं, आबांना हौसात बसवायचंच.

एका जुन्या फोटोवरून तिने किटचे भाग कापून-जोडून हौसा तयार केली. प्रमाण एकास चोवीस (म्हणजे खऱ्या ट्रकची चोवीस बोटं ती मॉडेलमध्ये एक बोट). मग आबांना सुगावा न लागू देता तिने ते मॉडेल गावकारखान्यातल्या ठोंब्याकडे नेलं. तिथलं मोठं छपाईयंत्र तो चालवायचा. हे यंत्र वस्तू सगळीकडून बघतं आणि थरावर थर रचून तशीच्या तशी, हव्या त्या मापाची बनवतं. "तंतोतंत हं! त्याच प्लॅस्टिकमध्ये. काही बदलायचं नाही," असं तिने त्याला दहादा बजावलं होतं. ठोंब्याने बिचाऱ्याने केसही बदलला नव्हता.

आणि ट्रक पक्का आहे ना, याची परीक्षाही तिने घेतली होती बरं का. मॉडेलचं वजन तीनशे ग्रॅम. तिने त्यावर आईचा तीन किलोचा वरवंटा ठेवला. हौसा जराही कुरकुरली नाही. आणखी एक मसाल्याची डबी ठेवली, तेव्हा मात्र आस (दोन चाकांना जोडणारा दांडा) वाकायला लागला. म्हणजे स्वतःच्या दहापट ओझं झालं! मोठी हौसाही स्वतःच्या दहापट ओझं पेलणार, मग एका आबांचं काय? तिने निश्चिंत मनाने वरवंटा परत जागेवर ठेवला.

"डोळे उघडा, आबा!"

अंगणात ट्रकसमोर आणून उभ्या केलेल्या आबांनी डोळे उघडले आणि ते जागच्या जागी थिजले. तो पिवळा रंग, कपाळावरचं 'हौसा', दाराखालची पायरी. इतकी वर्षं प्रयोगशाळेत घालवलेला माणूस क्षणात सात वर्षांचा पोर झाला.

"आगं... आगं, ही तर आमची हौसाच की गं!" ते म्हणाले. डोळे भरून आले होते.

"बसा ना आबा, पटकन बसा!" ऋजुता नाचत होती. ठोंब्याने ट्रकखाली टेकू म्हणून लावलेले लाकडी ठोकळे एकेक करत काढले होते. सगळे सारखे, पेटीसारखे चौकोनी. शेवटचाही त्याने आत्ताच काढून बाजूच्या ढिगात टाकला.

आबांनी पायरीवर पाय ठेवला आणि लगेच मागे घेतला. "थांब. चाकाखाली लिंबू ठेवलं नाही."

"आबा! तुम्ही शास्त्रज्ञ ना? लिंबू काय!"

"माझे वडील लिंबू ठेवल्याशिवाय आणि नारळ फोडल्याशिवाय नव्या गाडीला हात लावत नसत. तू शास्त्र मला नंतर शिकव. पिशवीत आहेत लिंबं, आणतो."

ऋजुताने पाय आपटला. आबा फाटकाजवळच्या बाकाकडे वळले, पिशवीत हात घालून चाचपू लागले. तेवढ्यात ट्रकमधून बारीकसा आवाज आला. कच्ची कैरी दाताखाली यावी तसा. मग पुन्हा. मागची चाकं बाहेरच्या बाजूला फाकली. "ताई, मागे व्हा!" ठोंब्या ओरडला आणि त्याने ऋजुताला उचलूनच लांब नेलं. पुढचा आस काडकन मोडला, केबिन धाडकन खाली बसली, आणि ज्या पायरीवर मघाशी आबांचा पाय होता, तिच्यावर ते जाडजूड दार येऊन आदळलं. धुरळा खाली बसला तेव्हा हौसा पोटावर पडलेली होती.

आबांच्या हातातलं लिंबू निसटून घरंगळत ट्रकपर्यंत गेलं.

ऋजुताला रडूही येईना. आबा आत बसले असते तर, याच्यापुढे तिला विचारच करवेना. मग ती एकदम ठोंब्यावर उसळली. "तू चूक केलीस! तू काहीतरी बारीक केलंस!"

"केसाइतकीही नाही, ताई," ठोंब्या नम्रपणे म्हणाला. केसाचं नाव निघताच ऋजुताला हुंदका फुटला.

आबा आले आणि धुळीतच तिच्या शेजारी बसले. "मला लिंबानं वाचवलं नाही, बाळ. थांबण्यानं वाचवलं. वडिलांच्या पद्धतीचा खरा उपयोग एवढाच, घाईतल्या माणसाला ती थोडा वेळ थांबवते. पण चूक माझीही आहे. दार पाटाएवढं जाड दिसत होतं, म्हणजे नुसतं मॉडेल मोठं केलेलं, आणि मी बघूनही बघितलं नाही. हौसा दिसली आणि अक्कल पेंड खायला गेली."

"मी आता कधीच काही जोडणार नाही," ऋजुता म्हणाली.

"ते नंतर ठरव. आधी ती का मोडली ते तर बघू. ठोंब्या, ते ठोकळे आण."

आबांनी एक ठोकळा तिच्यासमोर ठेवला. "हे तुझं मॉडेल समज. आता हे दुप्पट मोठं कर. लांबीला दुप्पट, रुंदीला दुप्पट, उंचीलाही दुप्पट. किती ठोकळे लागतील?"

"दोन," ऋजुता नाक पुसत म्हणाली. मग तिने ठोकळे मांडले. खाली चार लागले, त्यांच्यावर आणखी चार. "आठ?" तिने पुन्हा मोजले. "दुप्पट केलं तर आठपट होतं?"

"वजन आठपट. वजन घनफळावर (वस्तू सगळ्या बाजूंनी मिळून किती जागा व्यापते त्यावर) ठरतं. आता सांग, जमिनीला किती टेकलेत?"

"चार."

"म्हणजे पाय फक्त चौपट झाले. आणि पायाची ताकद त्याच्या काटछेदावर (पाय आडवा कापला तर जेवढा भाग दिसेल त्यावर) असते. आठांचं ओझं चौघांवर."

"एकेकावर दोघांचं," ऋजुता पुटपुटली. आता तिने आपणहूनच तिप्पट मांडायला घेतलं. तीन थर रचताना ठोकळे कमी पडले, तेव्हा ठोंब्याने आणून दिले. एकूण सत्तावीस, तळाला नऊ. "एकेकावर तिघांचं! दुप्पट केलं तर दोन, तिप्पट केलं तर तीन... आबा, म्हणजे चोवीसपट केलं तर..."

तिचा हात हवेतच राहिला.

"चोवीस," ती म्हणाली. "एकेका ठिकाणी चोवीसपट ताण. आणि माझी हौसा पेलत होती दहापट वरवंटा, अधिक एक ती स्वतः. अकरा! त्यावर डबी ठेवली की वाकत होती. आबा, वर कुणी बसायचीही गरज नव्हती. ती मोडणारच होती. स्वतःच्याच वजनाने!"

ट्रक मोडताना बसला होता त्याहून मोठा धक्का तिला आता बसला. एवढी भयंकर गोष्ट इतक्या साध्या ठोकळ्यांमध्ये बसली होती, आणि ती तिला दिसली नव्हती. वरवंट्याचा हिशोब तर तिने स्वतःच केला होता.

"म्हणून मुंगी स्वतःपेक्षा कितीतरी जड दाणा ओढून नेते," आबा म्हणाले, "आणि हत्तीला खांबासारखे पाय लागतात. मुंगीला तशीच्या तशी हत्तीएवढी केली, तर तिचे ते काडीसारखे पाय तिला उभंसुद्धा करणार नाहीत. माप बदललं की आकारही बदलावा लागतो."

ऋजुता मोडलेल्या आसाकडे बघू लागली. मग म्हणाली, "आणि जिथे वजनच कमी असेल तिथे? चंद्रावर सगळ्याचं वजन सहावा हिस्सा होतं ना? चोवीसचा सहावा हिस्सा... चार! अकराच्या खूप आत! आबा, हीच हौसा, अशीच्या अशी, चंद्रावर उभी राहील! आणि वर मालही नेईल!"

आता धक्का बसायची पाळी आबांची होती. त्यांनी तोंडातल्या तोंडात हिशोब केला, नातीकडे पाहिलं आणि पुन्हा केला. "बरोबर आहे गं," ते हळूच म्हणाले.

"तिकडे पाठवण्याची सोय माझ्याकडे नाही," ठोंब्या गंभीरपणे म्हणाला. ऋजुताला हसू फुटलं, आणि मग आबांनाही.

कधीच काही न जोडण्याचा तिचा निश्चय दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सोन्याबरोबर, वाटून टाकला गेला. जे नुसतं दिसण्यापुरतं होतं, ते तिने पातळ केलं. दारं, टप, मागचं हौद्याचं फळकूट. जे ओझं पेलतं, ते आबांनी पोलादाचं आणि जाड केलं. चाकांशी आणि आसांशी प्लॅस्टिक नावालाही ठेवलं नाही. ठोंब्याने केस काढू का म्हणून विचारलं, तो तिने काढायला लावला. कपाळावरचा ठसा घासायला ती शिडीवर चढली, तर आबांनी खालून हाक मारली. "तो राहू दे."

"आबा, ती चूक आहे."

"असू दे. कुणी बनवली ते कळायला नको?"

दिवाळीच्या पाडव्याला नवी हौसा अंगणात उभी राहिली. यावेळी ऋजुताने स्वतः चारी चाकांखाली लिंबं ठेवली. वर मालाच्या जागी वाळूची पोती रचली, आणि मग ती आबांशेजारी बाकावर जाऊन बसली. ऊन फाटकापासून अंगणाच्या मध्यापर्यंत सरकेस्तोवर दोघं तिथेच होते. कैरीचा आवाज आला नाही. ठोंब्याने पोती उतरवली, ट्रक हातभर पुढे ढकलला, चारी लिंबं पचकन फुटली, आणि ऋजुता म्हणाली, "आता बसा."

आबा केबिनमध्ये चढले. स्टिअरिंगचं चाक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. ते फिरत नव्हतं, कारण मॉडेलमध्ये ते फिरत नव्हतंच. त्यांनी हॉर्न दाबला. तोही अर्थात वाजला नाही. मग डॉ. दिनकर शेवाळ्यांनी मान बाहेर काढून, गाल फुगवून, घाटातल्या वळणावर त्यांचे वडील वाजवत तसा, साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल असा हॉर्न तोंडानेच वाजवला.

"चल गं, बस लवकर," ते ओरडले. "चिपळूण गाठायचंय!"

ऋजुता शेजारी चढून बसली. तिच्या खिशात नव्या मॉडेलचा पहिला तुकडा होता, काडीसारखा बारीक आस. चोवीसपट केला तरी पृथ्वीवर तो कुणाच्याच कामाचा नव्हता.