पलीकडच्या काठावरचे धोबी

यंदा धोबी पक्षी दसरा उलटताच आले. करडी पाठ, पांढरा चेहरा, सारखी खालीवर होणारी शेपूट. ठाण्यात आमच्या बिल्डिंगसमोर तलाव आहे आणि तलावाभोवती बाग. डिसेंबरात तिथे धुक्यापेक्षा जाळलेल्या पाल्याचा धूर जास्त असतो, तरी ते दर हिवाळ्यात येतात. मधू आणि मी लग्नाच्या वर्षापासून ते बघत आलो. दुर्बीण एकच. आधी तो, मग मी.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावरही त्याने फेरी सोडली नाही. उजवा पाय ओढत चालायचा, पलीकडच्या काठावरच्या दगडी बाकापाशी टेकायचा, पुढे उंबराच्या खोडाला हात लावून श्वास घ्यायचा. "मी नाही दमलो. तू दमलीस म्हणून थांबलोय," म्हणायचा. श्रावणात तो गेला.

संक्रांतीआधी घर रिकामं करून मी कल्याणला संचिताकडे, आमच्या मुलीकडे, जायचं ठरलं होतं.

पलीकडच्या काठाचं काम निघालं होतं. चालायचा ट्रॅक उखडलेला, दोन्ही टोकांना पत्रे लावलेले. माणसं नाहीत आणि ओल्या मातीत किडे भरपूर, त्यामुळे धोबी सगळे तिकडे. मी अलीकडून दुर्बिणीने बघायचे. शेजारी सरोज असायची. ती आमच्याच मजल्यावर राहते. बागेत पाच मिनिटं चालते, अर्धा तास बोलते.

"झाली का हजेरी, मॅडम? कोणी दांडी मारली?"

त्या सकाळी माझं लक्ष पलीकडे होतं. पत्र्याजवळचा धोबी उडाला होता. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्याही पुढचा. पहिला परत जागेवर उतरला, मग दुसरा.

प्राणिशास्त्र शिकवताना हे मी मुलांना शेतात नेऊन दाखवायचे. माणूस फार जवळ आला की पक्षी उडतो, माणूस पुढे गेला की परत बसतो. पिकातून जाणारा माणूस दिसला नाही, तरी पक्ष्यांवरून त्याची चाल कळते.

मुंगूस असतं तर त्यांनी कलकलाट केला असता. शिक्र्यासारखा शिकारी पक्षी असता तर सगळे एकदम उठले असते. हे एकेक करून, गुपचूप उठत होते. फार हळू.

दगडी बाकापाशी उडणं थांबलं. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झालं. मग उंबरापाशी थांबलं.

"हेमांगी, अगं रडतेयस का?"

"धूर गेला डोळ्यात."

मी रोज जाऊ लागले. रोज तीच चाल, तेच थांबे. घरी खोकी तशीच रिकामी पडून होती.

"आई, टेम्पोवाला रविवारी येतोय," संचिता फोनवर म्हणाली. "काही आवरलंस की नाही?"

"थोडं थांबूया का?"

"कशासाठी? एकटी काय करणार आहेस तिथे?"

मी विषय बदलला. सरोजला अर्धवट काही सांगितलं, तर ती म्हणाली, "जा की मुलीकडे सुखाने. धोबी काय, कल्याणलाही येतात."

"हे नाही येणार."

शनिवारी उजाडताच मी पत्र्याच्या फटीतून पलीकडे गेले. उखडलेल्या मातीला ओला, थंड वास होता. मी उंबराशी उभी राहिले. धोबी माझ्या दिशेने एकेक उठत आले. अगदी जवळचा उठला. मग सगळं स्तब्ध झालं.

"मधू, घरी चल," मी म्हणाले. "इथे एकटा नको फिरूस."

मी मागे वळून पाहिलं नाही.

फाटकापाशी कबुतरं ज्वारी टिपत होती. माणसांना सरावलेली. मी मधून गेले तर नुसती बाजूला सरकली. मी पुढे गेल्यावर, माझ्या पाठीमागे, सगळी एकदम उडाली.

जिन्याच्या जाळ्यांमध्येही कबुतरं बसतात. प्रत्येक मजल्यावर मी ओलांडून गेले की मागे फडफड व्हायची. मधूला दुसऱ्या मजल्यावर टेकावं लागायचं, म्हणून मी तिथे थांबले.

मागची फडफड मात्र टेकायला थांबली नाही. वर, माझ्यापर्यंत आली.

मी दार उघडून आधी बाजूला झाले. मग आत जाऊन दोन कप चहा टाकला. कितीतरी महिन्यांनी.

संचिताला फोन केला. "रविवारी येऊ दे टेम्पो."

"एकदम कशी तयार झालीस?"

"आता इथे काही राहिलं नाही."

कप घेऊन गॅलरीत आले. सवयीने दुर्बीण डोळ्यांना लावली.

पत्र्याजवळचा धोबी उडाला.

मग त्याच्या पुढचा.

दगडी बाकापाशी उडणं थांबलं. पुन्हा सुरू झालं. उंबरापाशी थांबलं आणि या वेळी पुढे सरकलंच नाही. पलीकडचे पक्षी परत उतरले नाहीत. कोणीतरी तिथे उभं राहून वाट बघत असावं, तसे ते वर घिरट्या घालत राहिले.

मी दुर्बीण खाली घेतली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, हाताच्या अंतरावर कठड्यावर एक कबूतर येऊन बसलं होतं. मी श्वास रोखला. बोटही हलवलं नाही.

ते माझ्या मागे, घरात बघत होतं.

मग उडालं.