दादाचा शेवटचा स्नॅपशॉट

खोटं वाटलं तर वाटू दे. पटवून द्यायला मी बसलेलो नाही. पण हे घडलंय, आमच्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय, आणि ताई थापा मारणाऱ्यातली नाही.

आणि हो, रात्र-बित्र काही नव्हती. रविवारची भर दुपार होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

ताई काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळते. तोंडाची फटकळ. ऑफिसात तिच्या पाठीमागे तिला तोफ म्हणतात. तिच्या आधी तेच काम आमचा दादा करायचा. त्यानेच तिला सगळं शिकवलं, डोक्यात टपल्या मारून मारून.

दादा गेला तोही तिथेच.

एका दुपारी त्याने एक काम सुरू केलं, आणि ते चालू ठेवून चहाला उठला. "आलोच," म्हणाला. जिन्यातच कोसळला.

आता थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या कारखान्यात खरे सर्व्हर दोन-तीनच. पण त्यांच्या पोटात नुसत्या सॉफ्टवेअरच्या कितीतरी मशीन चालतात. एखादीवर नवीन काही चढवायचं असलं की आधी स्नॅपशॉट घेतात. त्या क्षणी तिची डिस्क आहे तशी गोठते. त्यानंतर जे लिहिलं जाईल ते शेजारच्या वेगळ्या फाईलमध्ये साठतं. काम बिघडलं तर ती फाईल फेकून द्यायची आणि मागे यायचं. काम जमलं तर स्नॅपशॉट काढून टाकायचा, म्हणजे त्या फाईलमधलं सगळं मूळ डिस्कमध्ये मुरतं.

पण विसरलात... तर ती फाईल फुगत जाते. सगळ्यांची जागा खाते.

"स्नॅपशॉट म्हणजे पाहुणा," दादा म्हणायचा. "काम झालं की निरोप द्यायचा. मुक्कामाला ठेवायचा नाही."

आणि त्याचाच शेवटचा पाहुणा राहून गेला होता. त्याच्या सरावाच्या मशीनवर. ती मशीन ताईने बंद करून जपून ठेवली होती. बंद मशीन काही लिहीत नाही, त्यामुळे तिची फाईलही वाढत नाही.

त्या रविवारी ताईच्या फोनवर इशारा आला. सर्व्हरवरची जागा संपत आली होती. काच वितळवणारी भट्टी रविवारीही विझत नाही, ती याच मशीनवर चालते, आणि जागा संपली की सगळ्या मशीन जागच्या जागी थिजणार. ताई जेवणाच्या ताटावरून उठली.

सर्व्हर रूममध्ये चिटपाखरू नव्हतं. नुसती पंख्यांची घरघर.

तिने स्क्रीन उघडली. जागा गिळत होती एकच फाईल...

दादाची.

मशीन चालू आहे का पाहिलं. बंद.

पुन्हा पाहिलं. बंद.

आणि फाईल वाढत होती...

तिने साहेबांना फोन लावला.

"अहो, बॅकअपचा प्रोग्राम अडकला असेल," साहेब म्हणाले. "तोही आधी स्नॅपशॉट घेऊनच कॉपी काढतो ना?"

"पाहिलं. त्याचं केव्हाच आटोपलंय. त्याने आपला स्नॅपशॉट काढूनही टाकलाय."

"मग ती फाईल फेका. मशीन त्या दिवसावर मागे न्या. जागा लगेच मोकळी होईल."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. दादाचं शेवटचं काम आहे त्यात. मी ते मुरवून घेणार."

"त्याला वेळ लागतो. तोवर जागा संपली आणि बाटल्यांची लाईन बंद पडली तर?"

"तर उद्या मला काढून टाका!" तिने फोन कट केला.

तेवढ्यात पंख्यांची घरघर दबली...

आणि पाठीमागे किल्ल्या वाजल्या.

दादाची सवय होती ती. विचार करताना खिशातल्या किल्ल्या खुळखुळवायचा. पण त्या किल्ल्या आमच्या घरी होत्या, दाराजवळच्या खिळ्याला.

दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. पण ताईच ती, तिला सणकून राग आला.

"हे बघ," ती मागे न वळता ओरडली, "दादा असलास तर ऐक, आणि नसलास तर दुप्पट ऐक! काय लिहायचं ते लिही आणि आवर. मला जागा हवीय!"

खुळखुळ थांबली.

फाईल थांबली नाही.

आता शिल्लक जागा नखाएवढी उरली होती. ताईने सगळीकडे नजर फिरवली. फेकता येईल अशी एकच गोष्ट होती, तिची स्वतःची सरावाची मशीन. दादाशेजारी बसून, त्याच्या टपल्या खात उभी केलेली.

तिने ती पुसून टाकली. समूळ.

"घे," ती म्हणाली. "आता तरी?"

फाईल... थांबली.

ताईने क्षणही दवडला नाही. स्नॅपशॉट काढून टाकायचं बटण दाबलं आणि दात-ओठ खात बसून राहिली. हळूहळू सगळं मुरलं. जागा मोकळी झाली. लाईन बंद पडली नाही.

मग बाकीच्या मशीनना धक्का लागू नये म्हणून तिने नेटवर्क तोडून दादाची मशीन चालू केली.

दादाने अर्ध्यावर सोडलेलं काम पूर्ण झालं होतं. अगदी शेवटच्या पायरीपर्यंत.

ताई तिथेच हमसून हमसून रडली. हे तिनेच मला सांगितलं, लाज न बाळगता.

डोळे पुसून ती उठली. निघण्याआधी एकदा स्क्रीनकडे पाहिलं...

नवा स्नॅपशॉट.

भट्टी चालवणाऱ्या मुख्य मशीनवर. घेणाऱ्याच्या जागी दादाचं लॉगिनचं खातं. ते खातं तो गेल्यावर ताईनेच बंद केलं होतं.

साहेबांना सांगायला तिने फोन उचलला. तेवढ्यात तो स्नॅपशॉट नाहीसा झाला. नोंदीत दिसत होतं, मागे नेऊन फेकलेला नव्हता. मुरवला होता.

म्हणजे काम झालं होतं. काम झाल्याशिवाय दादा स्नॅपशॉट काढून टाकत नसे.

पण कुठलं काम?

साहेबांनी शोधलं. बाहेरून माणसं आणून शोधलं. अजून कुणाला काही सापडलेलं नाही. बाटल्या ठीक निघतात म्हणे. मी मात्र हल्ली घरात औषधाची बाटली आली की आधी उजेडात धरून बघतो.

"दुसऱ्या विभागात जाता का?" साहेबांनी विचारलं.

"मी का जाऊ?" ताई म्हणाली. दुसऱ्याच दिवशी ती आजवर रिकामी ठेवलेल्या दादाच्या खुर्चीत जाऊन बसली.

परवा आईने मला हाक मारली. दाराजवळचा खिळा रिकामा होता...

"किल्ल्या ताईने नेल्या असतील," आई म्हणाली.

मी ताईला फोन केला. तिने नेल्या नव्हत्या. तिच्या मागे पंख्यांची घरघर ऐकू येत होती, आणि आणखी काहीतरी बारीक खुळखुळत होतं.

"असू दे रे," ताई म्हणाली. "आलोच म्हणाला होता ना? कामावर लागतात त्याला."