शून्यावर अडलेली रेघ

"फ्रिज घुरघुरतोय, पंखा फिरतोय आणि ही बया म्हणते शून्य!" भिंगरीने डबीकडे बघून डोळे वटारले.

घरात किती वीज चालली आहे ते दाखवणारी ही डबी दादाने पाठवली होती. तो दूर शिकायला गेल्यापासून सुट्टीतलं रिकामं घर तिला खायला उठायचं. पूर्वी झोपताना दोघं मधल्या भिंतीवर दोनदा टकटक करायची. आता भिंतीपलीकडे नुसती खाट होती. "डबी लाव," तो फोनवर म्हणाला होता, "तिकडे काहीही चालू केलंस की इथे माझ्या फोनवर रेघ वर जाईल. मला कळेल तू घरी आहेस ते."

बाबांनी वीजपेटीतल्या तारांना डबीचा चिमटा लावून दिला, पण डबीवरची रेघ जागची हलेना. "बिघडलंय. संध्याकाळी परत पाठवतो," असं म्हणून ते कामावर गेले. ते दुकानांतले वजनकाटे तपासायचे. दिवसभर लोकांच्या चुका पकडणाऱ्या माणसाला त्याची चूक सांगायची कुणी?

भिंगरीने खालच्या मजल्यावरची जुळी भावंडं बोलावली.

"पेटीला हात लावायचा नाही, लांबूनच बघायचं," जुळ्यांतल्या चष्मेवाल्याने बजावलं. बघता बघता तो थबकला. "चिमट्यात दोन तारा आहेत. खोक्यावरच्या चित्रात एकच आहे."

"मग दुप्पट दाखवायला हवं ना?" बिनचष्म्याचा म्हणाला.

चष्मेवाल्याने त्याच्या हातात टॉवेलचं एक टोक दिलं, दुसरं स्वतः धरलं. "ओढ." दोघांनी सारखाच जोर लावला. टॉवेल मधल्यामध्ये ताठ. "एका तारेतून वीज येते, दुसरीतून परत जाते. चिमटा दोन्ही एकदम मोजतो. मग उरलं काय?"

"शून्य," भिंगरी पुटपुटली. "म्हणजे बाबांनीच..."

संध्याकाळी जुळ्यांच्या देखतच बाबा खोकं बांधायला बसले. भिंगरीने साळसूदपणे विचारलं, "बाबा, दोन्ही पारड्यांत सारखंच वजन टाकलं तर काटा कुठे जातो?"

"कुठेच नाही. मध्येच राहतो."

"आणि चिमट्यात दोन्ही तारा असल्या तर?"

बाबांचा हात दोरीवर थांबला. ते उठले, मेन स्विच बंद केला आणि एक तार चिमट्याबाहेर काढली. वीज आली तशी रेघ उसळली.

पुढचं काम त्यांच्या हातचं होतं. किटलीच्या बुडाशी पंधराशे वॉट छापलेलं. किटली लावल्यावर डबीचा आकडा चौदाशेनेच वाढला. बाह्या सरसावून त्यांनी डबीचं माप थोडं थोडं वाढवत जुळवलं. मग भिंगरीची आणि जुळ्यांची पाठ थोपटून म्हणाले, "चूक माझी होती, पोरांनो. माझ्या कचेरीत कुणी इतक्या शहाणपणाने मला ती दाखवली नसती."

दुसऱ्या दुपारी घर पुन्हा रिकामं होतं. भिंगरीने किटलीत पाणी भरलं. चालू केली, बंद केली. थोडं थांबून पुन्हा चालू केली, बंद केली. रेघेला दोन उंचवटे आले.

टेबलावरचा फोन एकदा वाजून थांबला. मग परत एकदा वाजून थांबला.

भिंगरीने तो उचलला नाही. भिंतीवरची टकटक कधी कुणी उचलतं का? ती हसली आणि दोघांचा चहा टाकते आहे अशा थाटात किटली तिसऱ्यांदा चालू केली.